मदत हवी आहे: जुन्या फुग्याच्या बाहीचं पोलकं शिवतेय, फुगा उभाच राहत नाहीये

नमस्कार मंडळी, मला जुन्या काळच्या पद्धतीचे कपडे घरी शिवायचा छंद आहे आणि आत्ता एका पोलक्यावर गाडी अडलीये, जाणकारांनी प्लीज मदत करा. पणजीचा स्टुडिओत काढलेला एक फोटो आहे, घरच्यांच्या मते १९०० च्या जरा आधीचा. अंगावर नऊवारी आणि आत उंच गळ्याचं, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं. फुगा खांद्यापासून सुरू होतो, कोपराच्या वर संपतो आणि तिथून मनगटापर्यंत बाही एकदम घट्ट. गळ्याला बारीक लेस आहे, बटणं की हुक ते पदराखाली झाकलंय. मला तेच शिवायचंय, आणि नाटकाच्या कपड्यासारखं लांबून बरं दिसणारं नको, आतली शिवणसुद्धा त्या काळासारखी हवी. गणपतीत सगळे घरी जमतात तेव्हा नऊवारीवर घालणार आहे.

पाया म्हणून माझ्या नेहमीच्या चार टक्सवाल्या ब्लाउजचं कटिंग घेतलं, बाहीचा कागद उभा चिरून पसरवला, वरच्या गोलाईला चुण्या घातल्या आणि मांजरपाटावर कच्चं शिवून बघितलं, मग तेच केंब्रिकवर केलं. हँगरवर छान दिसतं पण घातलं की थोड्या वेळात फुगा खाली बसतो, आणि मुळात तो वर उठतच नाही, बाजूला पसरतो त्यामुळे खांदे रुंद दिसतात नुसते. फोटोत तसं नाहीये, फोटोत बाही खांद्यातून वर निघून मग खाली पडते. दुसरं म्हणजे हात वर केला की अख्खं पोलकं वर सरकतं, कंबरेशी पोट उघडं पडतं. मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई) अजून खोल केला तर ते जास्तच व्हायला लागलं, हे मला कळतच नाहीये, उलट व्हायला हवं ना?

आमच्या इथल्या टेलरकाकांना विचारलं तर म्हणाले कॅनकॅन (कडक जाळी) लावा नाहीतर फोम घाला. फोम मला नकोय, त्या काळात नव्हताच तो. आणि शेवटचा प्रश्न कापडाचा. माझ्याकडे जांभळा खण आहे, पन्हा म्हणजे रुंदी जेमतेम एकतीस इंच, एवढ्यात फुग्याची बाही बसत नाही. जोड देऊन करू का सरळ दुसरं कापड घेऊ? मशीन उषाचं पायमशीन आहे, हाताने शिवायचीही तयारी आहे, वेळ लागला तरी चालेल.

एडिंबरावासी:
ताई, मी इकडे व्हिक्टोरियन पद्धतीचे कपडे शिवते, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून मोठं लिहितेय. तुमच्या पणजीबाईंच्या पोलक्याची बाही म्हणजे विलायतेतली १८९० च्या दशकातली बाही आहे. १८९० च्या सुमाराला खांद्यावर नुसता एक छोटा उठाव असायचा, तो वाढत वाढत १८९५ ला सगळ्यात मोठा झाला आणि १८९७ पर्यंत आटून खांद्यावर लहानसा फुगा उरला. १९०० नंतर घेर खाली मनगटाकडे गेला. तुमच्या वर्णनात वर फुगा आणि खाली घट्ट आहे म्हणजे १८९३ ते ९६ ची चाल. आपल्याकडे नवी चाल पोचायला आणि जायला वेळ लागत असणार, तेव्हा फोटो त्यानंतरचाही असू शकतो, फक्त बाहीवरून वर्ष ठरवू नका.

आता मुख्य गोष्ट. त्या बाहीत दोन बाह्या असतात. आत अस्तराची बाही, ती हाताबरोबर घट्ट, फुगा अजिबात नाही. वरचं मोठं कापड त्या अस्तरावर बसवलेलं, खाली कोपराच्या वर चुण्या घालून अस्तरालाच शिवलेलं. म्हणजे फुगा खाली घसरायला जागाच नाही, अस्तर त्याला धरून ठेवतं. तुमचं एकपदरी आहे म्हणून बसतंय, कापडाचा दोष नाही.

आणि तुम्ही कागद फक्त रुंद केलाय, उंच केलेला नाही. बाहीच्या वरच्या गोलाईची उंची वाढवायला लागते. मध्यम फुग्यासाठी मी मधोमध ३ ते ४ इंच वर चढवते आणि रुंदी अस्तराच्या दुप्पट, हवं तर जास्त. चुण्या काखेकडे अजिबात नको, तिथे कापड साधंच राहू दे, सगळा घेर खांद्याच्या माथ्यावर आणि थोडा मागच्या बाजूला. पुढे जास्त घेर दिला की पदर नीट बसत नाही.

मुंढ्याचं तुम्हाला उलट वाटलं ते साहजिक आहे, सगळ्यांनाच वाटतं. मुंढा जितका काखेत वर आणि लहान, तितका हात मोकळा. खोल मुंढा केला की हात उचलताना बाही अख्ख्या अंगाला ओढत नेते. जुन्या पोलक्यांचा मुंढा आत्ताच्या ब्लाउजपेक्षा बराच लहान असतो आणि पाठ अरुंद असते, मुंढ्याची शिवण मागे पाठीवर सरकलेली दिसते. मांजरपाटावर मुंढा वर चढवा, घालून टाचण्या लावा, हात पुढे वर करून बघा. आधी काखेत अडकल्यासारखं वाटेल, थोडं थोडं कापत जा, एकदम अर्धा इंच नको.

सोलापूरकर:
वरच्या ताईंचं पटलं पण मला वेगळं सुचवायचंय. आमच्याकडे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा जुना अंगरखा) घालतात, अवजड नंदीध्वज पेलत चालतात पण बगलेत कापड ओढत नाही. त्याचं कारण बगलेत चौकोनी तुकडा असतो, चौबगला. हात वर गेला की तो तिरका ताणला जातो आणि बाकीचं अंग जागेवर राहतं. आमच्या घरी बाराबंद्या शिवायचे, मी लहानपणापासून बघत आलोय. तुमच्या पोलक्यात दोन इंची चौबगला घातला तर मुंढा कापायची कटकटच नको.

एडिंबरावासी:
दादा, चौबगला उत्तम गोष्ट आहे पण तो सरळ कापलेल्या कपड्यात. बाराबंदीत बाही आणि अंग दोन्ही सरळ पट्ट्यांचे असतात, मुंढ्याला गोलाई नसते, म्हणून तिथे तो लागतोच. या पोलक्याला गोल मुंढा आणि अंगाला चिकटलेलं कटिंग आहे, त्यात काखेत जादा कापड आलं की गोळा होणार. ताईंना त्या काळाची आतली शिवणही हवीये, मी तरी इथे चौबगला घालणार नाही. पण त्यांनी बाराबंदी शिवायला घेतली तर तुम्हालाच विचारायला हवं!

अजून एक राहिलं. पोलकं वर सरकायचं थांबवायला आत कंबरेला एक जाड सुती फीत लावायची. फीत पाठीमागच्या शिवणींनाच फक्त टाचायची, पुढे मोकळी ठेवून हुकने बांधायची. घालताना आधी फितीचा हुक लावायचा मग वरचं पोलकं. त्या काळच्या घट्ट पोलक्यांत ही फीत असायचीच, कंबरेत पोलकं तीच धरून ठेवते, तुमची पोट उघडं पडायची तक्रार निम्मी तिथेच जाईल.

जुनी शिवणकाकू:
अगं बाळा, फोम बिम काही घालू नकोस. आर्गंडी घे, ते ताठ पातळ कापड असतं ना ती, सुती आर्गंडी, सिंथेटिक ऑर्गंझा नको, तो टोचतो. फुग्याच्या आतून खांद्याच्या माथ्याला आर्गंडीची दुहेरी पट्टी चुणून मुंढ्याच्या शिवणीत धर. पट्टी साधारण ४ इंच रुंद, दुमडून २ इंच. एवढ्याने फुगा वर उचलला जातो. आमच्या वेळच्या लहान मुलींच्या फ्रॉकना पण आम्ही हेच करायचो. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत मिळेल, दुकानदाराला हातात चुरगळून दाखवायला सांग, सोडली की परत ताठ झाली पाहिजे.

आणि चुण्या मशीनने एका ओळीत घालू नकोस. हाताने तीन ओळी धावदोरा घाल, ओळींत पाव इंच अंतर, टाके एकाखाली एक, मग तिन्ही दोरे एकदम ओढ. चुण्या कशा शिस्तीत उभ्या राहतात बघ. दोरा मेणावरून ओढून घे म्हणजे तुटणार नाही. वरचं कापड सुती असेल तर भाताच्या पेजेची पातळ खळ दे, घट्ट नको नाहीतर कागदासारखी खडखडेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं! काल रात्रीच मांजरपाटावर मुंढा वर चढवला आणि खरंच हात वर जातोय, पोलकं जागेवर राहतंय, मला अजून विश्वास बसत नाहीये. अस्तराची घट्ट बाही कापून ठेवलीये, आर्गंडी आणायला शनिवारी जाते. काकू, तीन ओळींच्या चुण्या एका तुकड्यावर करून बघितल्या, मशीनच्या चुण्यांपेक्षा कितीतरी सुंदर दिसतात आणि कमी जागेत जास्त कापड मावतं.

सोलापूरकर दादा, चौबगल्याचं मला माहीतच नव्हतं, माझ्या भावाला बाराबंदी शिवून द्यायचं मनात आलंय आता, वेगळा धागा काढते.

पण खणाचं कोणी बोललंच नाही. जोड चालेल का? आणि पुढे हुक लावले की मधे फटी पडतात, त्याला काय करू?

एडिंबरावासी:
जोड बिनधास्त द्या, त्या काळी कापड वाया घालवत नसत, जुन्या कपड्यांत बाहीच्या काखेकडच्या बाजूला जोड हमखास सापडतात. जोड काखेच्या बाजूला घ्या, चुण्या नसतील तिथे, आणि बुट्टे एकाच दिशेला धरा. खण तसा भरीव विणीचा असतो, बाही सरळ धाग्यावरच कापा, उरेब म्हणजे तिरकी कापलीत तर फुगा ओघळेल. कडा लगेच बांधून टाका, खणाचे धागे सुटतात. माझं मत विचाराल तर खणच वापरा, त्याला स्वतःचा ताठपणा आहे त्यामुळे आर्गंडी कमी लागेल. काठ बाहीच्या मनगटाशी येतो का ते कापायच्या आधी कागद ठेवून बघा, आला तर फार देखणं दिसेल.

हुकचं असं करा. सगळे हुक एका बाजूला आणि लूप दुसऱ्या बाजूला लावू नका. एक हुक उजवीकडे, त्याखालचा डावीकडे, असे आलटून पालटून लावा, समोर त्याचे लूप. जुन्या पोलक्यांत असे लावलेले दिसतात, हात हलवला तरी आपोआप सुटत नाहीत. दोन हुकांमधे पाऊण इंचापेक्षा जास्त अंतर नको आणि आतून दीड इंचाची दाबपट्टी द्या, मग फट पडली तरी अंग दिसणार नाही.

जुनी शिवणकाकू:
हुक दुहेरी दोऱ्याने काजाच्या टाक्याने शिव, नुसते गुंडाळून नको. आणि उंच गळ्याला लेस लावायच्या आधी लेस धुऊन घे, सुती लेस आटते.

धागाकर्ती:
काकू लेस आजच भिजत घातली. कागद ठेवून बघितला, काठ एका बाहीच्या मनगटाला येतोय, दुसऱ्या बाहीला दोन बोटं कमी पडतोय. तिथे काखेतला जोड थोडा वर नेऊन जमवते, आणि कापायच्या आधी आखणीचा फोटो इथे टाकते, कोणीतरी एकदा नजर टाका म्हणजे मगच कात्री लावेन.