मदत हवी आहे: जावास्क्रिप्टची उजळणी कुठून सुरू करू?

मंडळी, थोडं मार्गदर्शन हवं आहे.

मी सांगलीत असते. बरीच वर्षं पीएचपी आणि जेक्वेरीवर काम करतेय. सध्या एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर सांभाळते: लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) टाका, दरपत्रकातून भाव निघतो, दहा दिवसांनी बिल छापायचं. आता रिअ‍ॅक्टच्या (जावास्क्रिप्टच्या एका लायब्ररीच्या) कामासाठी मुलाखती सुरू होतील. कोड चालतो, पण तो का चालतो असं कुणी विचारलं की माझी बोबडी वळते. म्हणून आधी साध्या जावास्क्रिप्टचा पाया घट्ट करायचा आहे. रिअ‍ॅक्ट नंतर बघू.

(इथे सगळं देवनागरीत लिहितेय, कोडमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं नि आकडे समजा.)

प्रकार बदलण्याचा भाग मला बऱ्यापैकी कळलाय, कारण दुधाच्या फॉर्मने तो शिकवला. इनपुटची व्हॅल्यू कायम स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) असते, त्यामुळे सकाळचे '१२' अधिक संध्याकाळचे '८' म्हणजे '१२८' लिटर! वजाबाकी केली तर मात्र बरोबर ४. नंबर() लावलं की बेरीज सुधारते, पण रकाना रिकामा असेल तर नंबर('') चक्क ० देतो आणि ० लिटरची नोंद पडते. पार्सफ्लोट('') नॅन (म्हणजे 'आकडा नाही') देतो, पण '१२ ली' मधले १२ तो मुकाट्याने उचलतो. आता रिकामा रकाना मी आधीच अडवते. इथवर ठीक.

खरी गाडी अडते ती पुढच्या तीन ठिकाणी.

पहिलं, हे:

फॉर (व्हार आय = ०; आय < ३; आय++) {
  सेटटाइमआउट(() => कन्सोल.लॉग(आय), १००);
}

हे ३, ३, ३ छापतं. व्हारच्या जागी लेट केलं की ०, १, २. "लेटला ब्लॉक स्कोप असतो", म्हणजे ते महिरपी कंसापुरतंच जगतं, हे उत्तर पाठ आहे. पण लूपमधला आय तर एकच आहे ना? मग तीन वेगळे आकडे येतात कुठून?

दुसरं:

कन्सोल.लॉग('अ');
सेटटाइमआउट(() => कन्सोल.लॉग('ब'), ०);
प्रॉमिस.रिझॉल्व्ह().देन(() => कन्सोल.लॉग('क'));
कन्सोल.लॉग('ड');

अ, ड, क, ब असं येतं. शून्य मिलिसेकंद सांगूनही ब शेवटी का?

तिसरं, 'धिस', म्हणजे फंक्शन ज्याच्या नावाने चालतं ती वस्तू. बिल.छापा() थेट बोलावलं तर बिल छापलं जातं. तेच बटणाच्या क्लिकला बिल.छापा असं जोडलं की 'धिस'मध्ये बिलाऐवजी बटण येऊन बसतं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. कोर्सच्या जाहिराती कृपया नकोत.

प्रतिसाद १
पहिल्याचं सांगतो. व्हारचा आय खरंच एकच. तिन्ही फंक्शनं त्या एकाच व्हेरिएबलकडे बोट दाखवतात आणि शंभर मिलिसेकंदांनी बघायला जातात तेव्हा लूप संपून त्यात ३ पडलेले असतात. लेटच्या बाबतीत नियमच वेगळा आहे: फॉर लूपच्या प्रत्येक फेरीला नवा आय तयार होतो, आधीच्या फेरीची किंमत त्यात उतरवली जाते आणि मग तो एकाने वाढतो. म्हणजे आय तीन नि तीन फंक्शनं. फंक्शनने बाहेरचं व्हेरिएबल असं धरून ठेवण्यालाच क्लोजर म्हणतात. फंक्शन किंमत जपून ठेवत नाही, व्हेरिएबल धरून ठेवतं. एवढं वाक्य मुलाखतीत बोललात तरी समोरचा मान डोलावेल.

लेट, कॉन्स्ट २०१५ साली आले. त्याआधी हेच साधायला लूपमध्ये आणखी एक फंक्शन गुंडाळावं लागायचं. जुन्या जेक्वेरी कोडमध्ये तुम्ही पाहिलं असेलच.

प्रतिसाद २
कशाला एवढा खटाटोप? एआयला विचारा, दोन मिनिटांत लिहून देईल.

प्रतिसाद ३
@प्रतिसाद २: मुलाखतीत बाईंना बोलायचंय हो, एआयला नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते. हातातला कोड संपल्याशिवाय रांगेतलं काही उचलत नाही, म्हणून अ आणि ड आधी. रांगा दोन आहेत. सेटटाइमआउट टास्कच्या रांगेत जातं, प्रॉमिसचं (नंतर मिळणाऱ्या उत्तराच्या हमीचं) देन मायक्रोटास्कच्या. हातातला कोड संपला की मायक्रोटास्कची रांग पूर्ण रिकामी होते, मगच पुढचा टास्क. म्हणून क आधी, ब नंतर. शून्य म्हणजे "लगेच" नव्हे, "कमीत कमी एवढ्या वेळाने". मध्ये एखादा जड लूप घालून बघा, ब बिचारा ताटकळत बसेल.

'धिस' फंक्शन कुठे लिहिलंय यावर नाही, कसं बोलावलंय यावर ठरतं. बिल.छापा() मध्ये टिंबाच्या डावीकडे बिल आहे. क्लिकला जोडताना तुम्ही नुसतं फंक्शन दिलंत, बिल मागेच राहिलं, आणि ब्राउझरने ते बटणाच्या नावाने बोलावलं. () => बिल.छापा() असं द्या. बाण-फंक्शनला मात्र स्वतःचं 'धिस' नसतं, ते बाहेरचंच घेतं.

क्रम विचाराल तर स्कोप, क्लोजर, धिस, प्रोटोटाइप, मग प्रॉमिस आणि असिंक-अवेट (प्रॉमिसचं उत्तर येईपर्यंत थांबायची सोय). वाचायला एमडीएन ही वेब तंत्रज्ञानाची माहिती देणारी साइट पुरे, फुकट आहे.

प्रतिसाद ४
वाचनखूण साठवली. दुधाच्या फॉर्मसाठी एक भर: मोबाइलवर मराठी कीबोर्ड असेल आणि गवळ्याने देवनागरी आकडे टाकले, तर नंबर() आणि पार्सफ्लोट दोन्ही नॅन देतात. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला आकड्यांचा नेहमीचा शॉर्टकटही फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. आधी आकडे बदलून घ्या. दाखवायला मात्र टूलोकेलस्ट्रिंग('एमआर-आयएन') छान, लाखाचे स्वल्पविरामसुद्धा आपल्या पद्धतीने पडतात.

आणि सॉर्ट जपून. [१०, ९, १].सॉर्ट() म्हटलं तर १, १०, ९ येतं, कारण काही सांगितलं नाही तर तो सगळ्यांना स्ट्रिंग समजून लावतो. बिलाचा हिशोब रुपयांत नको, पैशांत, पूर्णांकात ठेवा. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, आणि दहा दिवसांच्या बिलात शेतकरी पैसा-पैसा मोजतो.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. जड लूप घालून पाहिला, ब खरंच लटकला. देवनागरी आकड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच फॉर्ममध्ये घालते.

एक उपप्रश्न: सगळ्या सभासदांची बिलं फॉरईचमध्ये (यादीतल्या प्रत्येकासाठी फंक्शन चालवतं ते) असिंक फंक्शन देऊन सर्व्हरला पाठवते. आत अवेट आहे, तरी "सगळी बिलं गेली" हा संदेश आधीच झळकतो.

प्रतिसाद ३
फॉरईच परत आलेल्या प्रॉमिसकडे ढुंकूनही बघत नाही, पुढे पळतो. एकामागून एक पाठवायची तर फॉर-ऑफ लूप लावून आत अवेट करा. क्रमाची गरज नसेल तर मॅपने प्रॉमिसांचा अ‍ॅरे करा आणि अवेट प्रॉमिस.ऑल(). पण सभासद शेकड्याने असतील तर फॉर-ऑफच बरा, सर्व्हरवर एकदम झुंबड नको. बाहेरचं फंक्शनही असिंक करायला विसरू नका.