नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

धरमपेठकर : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हा उभयतांना दिल्लीमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जायचे आहे. प्रत्यक्ष हवेत किती तास जातात, आणि पहाटे निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी पोहोचते असे दिसते ते कसे, हे कृपया सांगावे.

सोनेगाववासी : नागपूर-दिल्ली सुमारे ८५० कि.मी. असून पावणेदोन तासांत होते. पुढचे सरळ अंतर सुमारे १२,४०० कि.मी. आहे व त्याला साधारण सोळा तास लागतात. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते, म्हणून तारीख तीच राहते.

रामदासपेठी : केवळ अंतरावरून वेळ काढू नये. २०१६ साली एअर इंडियाने ही फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली, तेव्हा मार्ग वाढून सुमारे १५,३०० कि.मी. झाला, तरी पाठीमागून मिळणाऱ्या वाऱ्यामुळे प्रवास साडेचौदा तासांतच आटोपला. दिल्लीत मात्र दोन विमानांमध्ये चार तास तरी ठेवावेत (इमिग्रेशनच्या रांगेला वाऱ्याची साथ नसते!) आणि दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर काढावीत.

धरमपेठकर : आभारी आहे. तिकिटे तशीच काढतो.