निळ्या एलईडीचं पेटंट: शोध नोकराचा, मालकी कंपनीची, हे बरोबर आहे का?

खडकवासला

धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी कंपनीचा फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, उभा राहतोय, साणंदला चिप पॅकेजिंगचे कारखाने आलेत, आणि पुण्या-बंगळूरच्या डिझाइन सेंटरांत आपली कितीतरी मुलं परदेशी कंपन्यांच्या नावावर पेटंटं मिळवून देताहेत. सबसिडी किती, पाणी किती, नोकऱ्या किती यावर रोज चर्चा होते. पण त्या फॅबमधल्या एखाद्या इंजिनिअरने नवी पद्धत शोधली तर तिच्यातून येणाऱ्या पैशात त्याचा वाटा किती, हे कुणीच विचारत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात याबद्दल एक ओळ नाही. कलम २८ प्रमाणे संशोधक म्हणून पेटंटवर नाव लागतं, तेवढंच. बाकी सगळं नोकरीच्या करारावर, आणि त्यावर सही झालेली असते रुजू होण्याच्या दिवशी, पीएफ नि मेडिक्लेमच्या कागदांच्या गठ्ठ्यात.

माझं मत आधीच मांडतो. हा वाटा कायद्याने मिळायला हवा, आणि करारावर सही घेऊन तो काढून घेता येऊ नये.

ज्यांना नाकामुरांचा खटला माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या शिकोकू बेटावर अनान इथे निचिया ही कंपनी आहे. मूळ धंदा फॉस्फरचा, म्हणजे ट्यूबलाइट आणि टीव्हीच्या पडद्याला लागणाऱ्या पावडरीचा. शुजी नाकामुरा तिथे १९७९ साली लागले. तेव्हा लाल एलईडी होता, हिरवा होता, पण उजेड म्हणावा असा निळा कुणालाच जमला नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा प्रकाश नाही. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकातून निळा मिळेल असं वाटत होतं, पण त्याचा धड थर सफायरच्या चकतीवर बसेना. चकती हजार अंशांच्या आसपास तापवायची आणि तिच्यावरून वायू सोडायचे, तर तिची धगच इतकी की वायू खाली टेकण्याआधीच वर उचलले जायचे. नाकामुरांनी थर चढवायचा विकत आणलेला रिअ‍ॅक्टर स्वतःच्या हातांनी पुन्हा पुन्हा खोलला, नळ्या बदलल्या, वेल्डिंग केलं. शेवटी मुख्य वायू चकतीला समांतर आडवे सोडले आणि वरून नायट्रोजन-हायड्रोजनचा दुसरा झोत दिला, जो पहिल्याला खाली दाबून धरतो. हीच ती 'टू-फ्लो' पद्धत. पेटंट क्रमांक २६२८४०४, म्हणून सगळे त्याला ४०४ पेटंट म्हणतात.

नोव्हेंबर १९९३ मध्ये निचियाने झळझळीत निळा एलईडी जाहीर केला. या पेटंटबद्दल नाकामुरांना मिळाले २० हजार येन: अर्ज केला तेव्हा दहा, मंजूर झालं तेव्हा दहा. १९९९ मध्ये ते नोकरी सोडून अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेत गेले, आणि २००१ मध्ये त्यांनी टोकियोत दावा लावला. जानेवारी २००४ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांना २,००० कोटी येन द्यायला सांगितले. पुढे उच्च न्यायालयात तडजोड झाली, ती जानेवारी २००५ मध्ये, त्यांच्या निचियातल्या सगळ्या शोधांसाठी मिळून, व्याज धरून सुमारे ८४ कोटी येनांवर. २०१४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

२० हजार, २,००० कोटी आणि ८४ कोटी. एकाच माणसाच्या कामाची ही तीन मोलं. कायदा स्पष्ट नसला की असंच होणार. बोला.

ताळेबंद

पूर्ण असहमत. गोष्ट सांगताना तुम्ही कंपनीची बाजू गाळलीत.

निचियाचे संस्थापक नोबुओ ओगावा यांनी त्या माणसाला सुमारे ५० कोटी येन दिले. ज्याची पीएचडी झालेली नाही, ज्याची आधीची उत्पादनं फारशी खपली नव्हती, त्याला एका आडगावच्या कंपनीने एवढा पैसा दिला! वर वर्षभर फ्लोरिडा विद्यापीठात एमओसीव्हीडी (वायूंतून चकतीवर स्फटिकाचा थर चढवायची पद्धत) शिकायला पाठवलं. प्रयोग फसला असता तर नाकामुरांचा पगार चालू राहिला असता, आणि खड्डा ओगावांच्या ताळेबंदात पडला असता. बुडीत खर्चात ज्याचा वाटा नाही त्याने नफ्यात कशाच्या जोरावर मागायचा?

मी लहान उद्योगांचे हिशेब बघतो. भोसरी-चाकणमधला एखादा मालक घर गहाण टाकून मशीन आणतो, त्यावर कामगार नवा जिग (काम पकडून धरायचं साधन) बनवतो. उद्या तो कामगार न्यायालयात जाऊन म्हणाला की दहा वर्षांच्या नफ्यातला निम्मा माझा, तर संशोधनावर कोण पैसा लावील? जपानमधल्या उद्योगांनी तेच विचारलं. शेवटी तिथे २००४ मध्ये कायदा बदलला आणि २०१५ मध्ये पुन्हा. आता करारात तशी सोय असेल तर पेटंटचा हक्क जन्मापासून कंपनीचा. ज्या देशाचं उदाहरण तुम्ही देताय, त्यानेच माघार घेतलीय.

खडकवासला

@ताळेबंद, ओगावांचं श्रेय कुणी नाकारत नाही. पण १९८९ मध्ये त्यांचे जावई अध्यक्ष झाले आणि हे काम थांबवा असे लेखी निरोप येऊ लागले, हे नाकामुरांनी अनेकदा सांगितलंय. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि काम चालू ठेवलं. त्या टप्प्यावर जोखीम कुणाची होती? नोकरी गेली असती तर त्यांची गेली असती. पगार चालू राहिला असता, हे तुम्ही फार सहज लिहिलंत.

आणि २०१५ च्या बदलानंतरही जपानी कायद्यात नोकराला 'योग्य लाभ' मिळण्याचा हक्क शाबूत आहे. मालकी कंपनीकडे गेली, मोबदला गेला नाही. आपल्याकडे दोन्ही नाहीत.

शुभ्रवेष

मी क्लीनरूममध्ये प्रोसेसचं काम करते, त्यामुळे दोघांशीही माझं भांडण आहे. तुम्ही दोघं असं बोलताय जणू निळा एलईडी म्हणजे ४०४ पेटंट. तसं नाहीये.

टू-फ्लोने थर चांगला बसू लागला. पण एलईडीला पी (धन भार वाहणारा) आणि एन (ऋण भार वाहणारा) असे दोन प्रकारचे थर लागतात, आणि गॅलियम नायट्राइडचा पी थर कितीतरी वर्षं कुणाला बनवता येत नव्हता. मॅग्नेशियम घातलं तरी तो वीज वाहून न्यायचा नाही. नागोयात इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्या लक्षात आलं की असा थर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला की तो सुधारतो. १९८९ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत मारून पी थर करून दाखवला. सफायरवर आधी कमी तापमानाला एक पातळ थर द्यायचा आणि मग मुख्य थर वाढवायचा, हेही त्यांनीच १९८६ मध्ये जमवलं होतं. निचियात १९९२ मध्ये कळलं की खरा अडथळा हायड्रोजनचा आहे. थर वाढवताना वापरलेल्या अमोनियातून आलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून बसतो आणि त्याला काम करू देत नाही. नायट्रोजनमध्ये ७०० अंशांच्या वर तापवा, हायड्रोजन निघून जातो. झोत मारत एकेका चकतीवरून फिरायची गरज उरली नाही, भट्टीत घाऊक काम होऊ लागलं. कारखान्याच्या दृष्टीने मला ही पायरी टू-फ्लोपेक्षा मोठी वाटते. नोबेलही तिघांना मिळालं ते उगाच नाही.

आता २००४ चा निकाल बघा. त्या पेटंटमुळे कंपनीला मक्तेदारीचा नफा १२,०८० कोटी येन, त्यातला नाकामुरांचा वाटा निम्मा, म्हणजे ६,०४० कोटी. त्यांनी २,००० कोटीच मागितले होते म्हणून तेवढे दिले. एका पेटंटला एवढा नफा कसा चिकटवणार? पुढे निचियाने ते पेटंट चक्क सोडून दिलं, आम्ही ते वापरतच नाही म्हणून. कंपनीने असं म्हणावं यात तिचा स्वार्थ आहेच. पण पद्धत बदलते, रिअ‍ॅक्टर बदलतो, उत्पादन मात्र चालू राहतं, हे फॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही पटेल.

माझ्या जुन्या कंपनीत एका पेटंटवर पाच नावं लागली. त्यात आमच्या टेक्निशियनचं नव्हतं. गॅसचा दाब अमुक मिनिटाला थोडा उतरवला की वेफरच्या (ज्या चकतीवर चिप बनते तिच्या) कडेचे दोष जातात, हे त्याने रात्रपाळीत टिपून ठेवलं होतं. अर्जात त्याचं निरीक्षण जसंच्या तसं आलं, फक्त ग्राफच्या रूपात. मॅनेजरचं नाव मात्र होतं. वाटा द्यायचा असेल तर आधी नावं खरी लागली पाहिजेत. नाहीतर तुमचा कायदा साहेबांची तुंबडी भरेल.

नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, इथे हा प्रश्न १९५७ पासून कायद्याने सोडवलेला आहे. नोकराने शोध लावला की तो कंपनीला लेखी कळवायचा. कंपनीने ठरावीक मुदतीत नको म्हटलं नाही तर हक्क कंपनीकडे जातो, आणि त्याच क्षणी योग्य मोबदल्याचा हक्क नोकराला मिळतो. हा हक्क आगाऊ सही करून सोडता येत नाही.

मोबदला कसा काढतात, तेही सांगतो. प्रश्न कंपनीने पुढ्यात ठेवला की तुम्ही स्वतः शोधला, उत्तर नेहमीच्या कामातून आलं का, कंपनीचं सामान किती वापरलं, आणि तुम्ही कोणत्या पदावर आहात, याला गुण असतात. संशोधन विभागाच्या प्रमुखाचा वाटा कमी, कारण शोध लावणं हेच त्याचं काम. साध्या कारागिराचा जास्त. @शुभ्रवेष, तुमच्या टेक्निशियनला इथे मॅनेजरपेक्षा मोठा हिस्सा मिळाला असता. वाद झाला तर म्युनिकला पेटंट कार्यालयात लवाद आहे, एकदम न्यायालयात जावं लागत नाही.

यामुळे कंपन्या पळाल्या का? सिलिकॉनमध्ये खोल, सरळ खाच कोरायची पद्धत जगभर 'बॉश प्रोसेस' म्हणून ओळखली जाते. ती याच कायद्याखाली, इथेच, फ्रान्झ लेर्मर आणि आंद्रेआ शिल्प या दोघांनी नव्वदच्या दशकात शोधली. सल्फर हेक्झाफ्लोराइडने थोडं कोरायचं, मग फ्लोरोकार्बनचा लेप देऊन भिंती वाचवायच्या, पुन्हा कोरायचं, पुन्हा लेप. सूक्ष्मदर्शकाखाली त्या भिंतीवर लाटांसारख्या बारीक कडा दिसतात. गाडीच्या एअरबॅगचा आणि फोनमधला हालचाल ओळखणारा सेन्सर या खाचांतून बनतो. बॉशने इतरांना परवाने देऊन त्यावर कमावलं आणि नोकरांना मोबदला देण्याचा कायदाही चालूच राहिला.

मुक्काम पोस्ट फ्रीमाँट

जर्मनीत कागद भरण्यात किती माणसं गुंतलेली असतात ते मी तिथल्या सहकाऱ्यांकडून ऐकतो. प्रत्येक शोधाचा हिशेब, प्रत्येक उत्पादनात त्याचा टक्का. शंभर पेटंटांची एक चिप असेल तर शंभर वाद.

अमेरिकेत असा कायदाच नाही आणि सेमीकंडक्टरचा सगळा धंदा इथेच जन्मला. १९५७ मध्ये आठ जणांनी ट्रान्झिस्टरच्या संशोधकांपैकी एक असलेल्या शॉकलींची साथ सोडून फेअरचाइल्ड काढली. त्यांच्यातल्याच जाँ हर्नींनी १९५९ मध्ये प्लेनर प्रोसेस, म्हणजे सिलिकॉनच्या सपाट पृष्ठभागावर सगळे भाग घडवायची पद्धत, आणली, ज्यावर आजही चिप्स बनतात. त्यांना पुढे नेलं ते मोबदल्याच्या कलमाने नव्हे, सोडून जाण्याच्या मोकळिकीने. कॅलिफोर्नियात 'नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही' अशी अट १८७२ पासून रद्दबातल आहे. आणि योगायोग बघा, आपल्या करार कायद्याचं कलम २७ तेच सांगतं, आणि तो कायदाही १८७२ चाच! भारतात ही मोकळीक आधीपासून आहे. ती वापरा. शेअर मागून घ्या, नाही दिले तर बाहेर पडा. नाकामुरांनीही शेवटी तेच केलं. २००८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर स्वतःची कंपनी काढली.

आणि कायदा असूनही काय होतं ते ब्रिटनमध्ये बघा. इयन शँक्स यांनी १९८२ मध्ये युनिलिव्हरमध्ये असताना रक्तातली साखर मोजायचा सेन्सर बनवला, मुलीच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपच्या काचा आणि कागदाचे क्लिप वापरून. मोबदल्याचा अर्ज केला २००६ मध्ये. २० लाख पौंड मिळाले २०१९ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. अशा कायद्याने वकील जगतात.

खडकवासला

@मुक्काम पोस्ट, सोडून जाण्याची मोकळीक सॉफ्टवेअरवाल्याला आहे, लॅपटॉप उचलला की झालं. प्रोसेस इंजिनिअरने काय उचलायचं? देशात मोजके फॅब, रिअ‍ॅक्टर कोट्यवधींचे. आणि नाकामुरा सोडून गेल्यावर निचियाने अमेरिकेत त्यांच्यावर व्यापारी गुपितांवरून दावा लावला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. कलम २७ स्पर्धकाकडे जाऊ देतं, पण डोक्यात काय घेऊन गेलात यावरून कंपनी मागे लागू शकते.

शँक्स यांची तेरा वर्षं गेली कारण ब्रिटिश कायदा 'असाधारण फायदा' सिद्ध करायला लावतो. जर्मन कायदा लावत नाही. म्हणजे कलम कसं लिहायचं ते आपल्याला आयतं कळलंय.

आता माझा खरा मुद्दा. आपल्याकडे हे तत्त्व आधीच मान्य झालेलं आहे, फक्त इंजिनिअरसाठी नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. त्याआधी गीतकार-संगीतकार निर्मात्याला सगळे हक्क एकरकमी लिहून द्यायचे. आता चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं तर त्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सही करूनही सोडता येत नाही. निर्मातेही तेव्हा जोखमीचंच कारण देत होते. चित्रपट पडला तर पैसा त्यांचा बुडतो, हे खरंच आहे. तरी संसदेने मानलं की ताकदवान पक्षासमोर बसून केलेल्या सहीला मर्यादा हवी. मग वेफरवर दोष का येतात हे शोधणाऱ्याची सही वेगळी का?

शुभ्रवेष

वेगळी अशासाठी की गाण्याला एक गीतकार असतो. आमच्या वेफरवर काही शेकडो टप्पे होतात. पण तत्त्व मला पटतंय. माझी अट एकच: शोध कळवायचा जो अर्ज असतो, तो मॅनेजरकडून न जाता ज्याने निरीक्षण टिपलं त्याला स्वतःला भरता यावा, आणि लॉगबुकातली नोंद पुरावा म्हणून चालावी.

ताळेबंद

गीतकाराचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, हे मान्य. तरीही उद्योजकाला कशाची भीती असते, तर दहा वर्षांनी न्यायालय कुठला आकडा सांगेल याची. रक्कम नफ्यावर न ठरवता सुरुवातीलाच पक्की करा: अर्जाला इतके, मंजुरीला इतके, परवाना विकला तर त्याचे इतके टक्के. पंचवीसपेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला यातून वगळा. एवढं असेल तर मी विरोध करणार नाही. मागे जाऊन हिशेब उकरणारा कायदा मात्र मला कधीच मान्य होणार नाही.

खडकवासला

टक्के आधी ठरवायला माझी हरकत नाही. पण ते कंपनीच्या एचआरने ठरवले तर आपण पुन्हा २० हजार येनांवर येतो. किमान दर कायद्याच्या नियमांत हवा, जसा किमान वेतनाचा असतो. आणि लहान कारखाना वगळायचा तर मोबदल्यातून वगळा, नाव लावण्यातून नको.

नेकारकाठ

@ताळेबंद, इथे लहान उद्योगांना सूट नाही, पण बरेच जण एकरकमी रक्कम देऊन विषय मिटवतात, आणि ती शोध कळवल्यानंतर ठरवलेली असेल तर कायद्याला चालते. त्या लवादाने सांगितलेला तोडगा दोघांपैकी कुणी मुदतीत नाकारला नाही तर तो बंधनकारक होतो. तुम्ही ज्या न्यायालयीन आकड्याला घाबरताय, तिथवर प्रकरण जायच्या आत सुटायची ही वाट आहे.