चिमणीवर मीटर बसला, मग लॉगबुक कशाला?

धुरकट: धुरातलं प्रदूषण सतत मोजणारा ॲनालायझर चिमणीवर बसलाय, आकडे थेट सरकारी सर्व्हरवर जातात. तरी बॅग फिल्टरचा (धूळ गाळणाऱ्या पिशव्यांचा) डीपी, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक, इंधन, कॅलिब्रेशन (मीटरची जुळणी), बंद-चालूच्या वेळा लॉगबुकात लिहून ठेवा! निव्वळ कागदी छळ.

तिसरा_पोर्ट: छळ? ॲनालायझर आकडा देतो, तो कसा आला ते सांगत नाही. सॅम्पल लाइनचा, म्हणजे चिमणीतून वायू मीटरकडे आणणाऱ्या नळीचा, हीटर गेला की आत पाणी साचतं, सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि स्क्रीनवर आकडा कसा छान दिसतो! बॅग फाटली की डीपी धाडकन पडतो, पिशव्या झटकणाऱ्या हवेच्या झोताचा (पल्सचा) सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकला की चढत जातो. पंखा चालू असून डीपी शून्य दाखवत असेल तर दाब मोजणारी नळी तुंबलेली. धुळीचा मीटर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतो. कोळशाऐवजी भुसा जाळला की कण बदलतात आणि जुनं कॅलिब्रेशन गेलं कचऱ्यात. इंधन कधी बदललं हे सर्व्हर सांगणार का?

धुरकट: नोंदी खऱ्या असतील तर ना! पाळीभर डीपी १२०, एकाच पेनाने, एका दमात लिहिलेला.

तिसरा_पोर्ट: मग डीपीला ट्रान्समीटर लावून आपोआप नोंद करणाऱ्या लॉगरला जोडा. नोंद हवी, पेनाचा हट्ट कुणाचा आहे?

काजळी: डीपी-पुराण पुरे. खरी चोरी ऑक्सिजनमध्ये आहे. मोजले घनमीटरला ४० मिलिग्रॅम, पण धुरात ऑक्सिजन १६ टक्के. आकडा ज्या ऑक्सिजनवर आणून तपासायचा तो संदर्भ ६ टक्के असेल तर (२१−६) भागिले (२१−१६), म्हणजे तिप्पट: १२०. (२१ हा साध्या हवेतला ऑक्सिजन.) जादा हवा मिसळायची आणि ४० मिरवायचे!

बॉयलरवाला: सगळेच चोर का? पेटवताना ऑक्सिजन २० टक्के असतो. तुमच्या सूत्रात गुणक १५! नियमात चालणारा बॉयलरही गुन्हेगार ठरेल.

काजळी: म्हणून तर स्टार्ट-अपची वेळ आणि लोड लिहायचा. लॉगबुक तुम्हालाच वाचवतं, साहेब.

बॉयलरवाला: वाचवतं, मान्य. दिवसातून चारदा ‘स्टार्ट-अप’ लिहिणाऱ्यांनाही वाचवतं.

काजळी: स्टीमची आणि इंधनाची नोंद शेजारी ठेवा, ते चार स्टार्ट-अप लगेच उघडे पडतील.

धुरकट: आणि कॅलिब्रेशनच्या तासाला डेटा नाही म्हणून नोटीस येते, त्याचं काय?

तिसरा_पोर्ट: झिरो-स्पॅनची (मीटर शून्यावर आणि माहीत असलेल्या वायूवर तपासण्याची) वेळ, त्या वायूच्या सिलिंडरचा नंबर, मुदत लिहिलेली असेल तर उत्तर देता येतं. अमेरिकेत आम्लवर्षा कार्यक्रमात वीजकेंद्रांचे हरवलेले तास रिकामे सोडत नाहीत. मीटर चालू असण्याचं प्रमाण घसरत जाईल तसा चढा आकडा भरतात. मीटर बंद ठेवून फायदा होत नाही.

धुरकट: बरं बाबा. डीपी लॉगरवर, इंधन आणि सिलिंडर हाताने. याउपर एक ओळ लिहिणार नाही.