पाम, डिजिटल डायरी, खिशातला ऑर्गनायझर : कोणी वापरला, कसा जपला, लिहा अनुभव

सदाशिवपेठी

मंडळी, नोकिया ३३१० च्या नावाने गळे काढून झाले, पेजरच्या आठवणीही झाल्या, पण त्याच काळात खिशात पाम (काडीने स्क्रीनवर लिहायचा हातातला छोटा कॉम्प्युटर) नाहीतर कॅसिओची डिजिटल डायरी बाळगणारी एक जमात पुण्यात होती, तिच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. तर ज्यांनी वापरलंय त्यांनी लिहा. काय वापरत होतात, कशासाठी, आणि मुख्य म्हणजे तो जिवंत कसा ठेवलात. आजही चालू असेल तर जरूर लिहा. "आता फोनमध्ये सगळं असतं की" हे आम्हाला माहितीये, ते सांगायला येऊ नये. "विकायचाय का" हेही विचारू नये.

माझ्यापासून सुरुवात करतो. पाम थ्री. पामचा पहिला पायलट यूएस रोबोटिक्सने १९९६ ला आणला, हा १९९८ चा. मामेभावाने अमेरिकेतून आणलेला. २ एमबी मेमरी, १६० बाय १६० ठिपक्यांचा हिरवट स्क्रीन, दोन ट्रिपल-ए सेल. आज २ एमबीत धड एक फोटो मावत नाही आणि माझे त्यात ऑफिसचे, घरचे, सोसायटीचे सगळे पत्ते, तारखा, हिशोब राहून वर जागा शिल्लक असायची. खाली चार बटणं, तारखा-पत्ते-कामं-मेमो, दाबलं की त्या क्षणी समोर, वाट बघणं हा प्रकारच नाही. बरं, तेव्हा आमच्याकडे गुरुवारी लाईट जायची, ऑफिसातला कॉम्प्युटर गप्प बसायचा आणि मी पत्ते वाचून दाखवत फोन फिरवायचो, साहेब सुद्धा येऊन नंबर विचारायचे.

ग्राफिटी, म्हणजे पामवर लिहायची खास लिपी, शिकायला एक आठवडा लागतो म्हणतात, मला कमीच लागला. प्रत्येक अक्षर एका फटक्यात. ए म्हणजे मधली दांडी नसलेला उलटा व्ही, टी म्हणजे आडवी रेघ काढून तशीच खाली ओढायची, स्पेसला डावीकडून उजवीकडे रेघ, खोडायला उजवीकडून डावीकडे. हाताला इतकं बसलं की बँकेत स्लिप भरताना ए ची दांडी गायब व्हायला लागली, काउंटरवरच्या बाई विचारायच्या हे काय लिहिलंय. मराठी मात्र रोमनमध्येच लिहावं लागायचं, पाममध्ये युनिकोड नव्हतंच.

जपणुकीचा मुद्दा एकच पण फार मोठा: सगळी मेमरी रॅममध्ये. सेल काढले की आतला कपॅसिटर साधारण मिनिटभर तग धरतो, त्यानंतर सगळं साफ. म्हणून आधी हॉटसिंक, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून सगळ्याची तिथे नक्कल, मग नवे सेल पॅकिंगमधून काढून समोर मांडून ठेवायचे, आणि एक जुना काढला की त्याच जागी लगेच नवा. दोन्ही एकदम काढायचे नाहीत. हे मी अजूनही तसंच करतो, घरातले हसतात.

डॉक्टरांच्या_वेटिंगमधला

एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, टिळक रोड ते हडपसर सगळे डॉक्टर पाठ. पाम वगैरे आमच्या ऐपतीबाहेर, आमची कॅसिओची डिजिटल डायरी, कॅम्पात एमजी रोडवर घेतलेली. फ्लिप उघडलं की वर तीन-चार ओळींचा स्क्रीन आणि खाली चिंचोक्याएवढी बटणं. कोणत्या डॉक्टरांची ओपीडी कधी, कंपाउंडरचं नाव काय, कुणाला सँपल आवडतात आणि कुणाला राजकारणावर गप्पा, सगळं त्यात. राजकारणवाला भाग सीक्रेट मेमरीत, पासवर्ड लावून. आमच्यातल्या एकाच्या धाकट्या भावाने गंमत म्हणून पासवर्ड बदलला आणि स्वतःच विसरला, आता ते उघडायचा एकच रस्ता म्हणजे रिसेट, म्हणजे सगळंच पुसायचं. त्याने शेवटी ते पुसलं नाही, पासवर्डशिवायच्या भागावर वर्षानुवर्षं काम भागवलं. सीक्रेट भाग आजही तसाच बंद आहे म्हणतो.

ह्याचं सेलचं गणित वेगळं. बटण सेल, मेन वेगळे आणि बॅकअपचा वेगळा, दोन्ही एकाच वेळी काढायचे नाहीत. मेन बदलताना बॅकअप आत हवा आणि बॅकअप बदलताना मेन. आणि एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत राहिली की स्क्रीन काळाठिक्कर व्हायचा, बिघडली असं वाटून लोक दुकान गाठायचे. काही नाही, एलसीडीचा कॉन्ट्रास्ट गर्मीने चढतो, सावलीत ठेवली की जागेवर. नाहीतर कॉन्ट्रास्ट एक-दोन घर खाली.

आमचा खरा छळ झाला तो पुण्याचे लँडलाईन नंबर सातचे आठ आकडी झाले तेव्हा. सगळ्यांच्या पुढे २. प्रत्येक डॉक्टर उघडा, एडिट दाबा, कर्सर मागे न्या, २ घाला, सेव्ह करा. क्लिनिकचा वेगळा, घरचा वेगळा. वेटिंग रूममध्ये बसून हेच करायचो, पेशंटना वाटायचं गेम खेळतोय.

सदाशिवपेठी

@डॉक्टरांच्या_वेटिंगमधला, ते २ चं प्रकरण! आम्ही पत्ते कॉम्प्युटरवर एक्स्पोर्ट केले, एक्सेलमध्ये सगळ्यांपुढे २ लावला, परत इंपोर्ट. चहा निवायच्या आत काम संपलं. तुमच्यासमोर सांगायला नको होतं खरं.

अप्पाबळवंत

मी दरवर्षी अप्पा बळवंत चौकातून खिशात मावणारी डायरी घेतो. सेल लागत नाहीत, हॉटसिंक लागत नाही, पावसात भिजली तर उन्हात ठेवायची. बाकी चालू द्या.

ताई_कोथरूड

अप्पाबळवंत, तुमच्या डायरीत "दर सोमवारी" एकदा लिहून वर्षभर येतं का आपोआप? नाही ना, मग थांबा जरा 😀

मी पोळीभाजीचे डबे द्यायचे, विद्यार्थी आणि एकटे राहणारे आयटीवाले. नवऱ्याने मला पामचा झायर दिला, २००२ साली आलेला, सगळ्यात स्वस्त मॉडेल, २ एमबीच, बॅकलाईट सुद्धा नाही, पण चार्जिंगचा होता म्हणून सेलची कटकट नव्हती. पत्त्यांमध्ये प्रत्येक गिऱ्हाईक, त्याच्या नोटमध्ये "तिखट नको, गुरुवारी उपास, बिल पाच तारखेला". कामांच्या यादीत कॅटेगरी करता यायच्या, भाजी मंडई, किराणा, येणं बाकी. येणं बाकी ही कॅटेगरी सगळ्यात मोठी, ते जाऊ दे.

गोची कुठे, तर संकष्टीला. ते रिपीट फक्त इंग्रजी तारखेने, नाहीतर वाराने व्हायचं, तिथी त्याला कुठून कळणार. मग दर जानेवारीत कालनिर्णय समोर घेऊन बसायचं आणि एकेक चतुर्थी, एकादशी हाताने भरायची आणि आदल्या दिवशी सकाळी वाजेल असा अलार्म लावायचा, साबुदाणा भिजवायला. २००४ ला अधिक श्रावण आला तेव्हा आणखी भरणा. पण एकदा भरलं की वर्षभर एकही उपासाचा डबा चुकला नाही, पोरं म्हणायची काकूंना आमच्यापेक्षा जास्त लक्षात असतं.

आता जपणूक. स्वयंपाकघरात पीठ. कितीही हात पुसा, स्क्रीन आणि बाहेरच्या फ्रेमच्या मधल्या फटीत कणीक जाऊन बसते. मग काय होतं, तुम्ही टेकवता एकीकडे आणि उठतं भलतंच, किंवा आपोआपच टिचक्या लागतात. मला वाटलं गेला. शेजारच्या मुलाने जाडसर व्हिजिटिंग कार्डाची कड त्या फटीत घालून चारी बाजूंनी अलगद फिरवली, पिठाचा पापुद्रा निघाला, मग सेटिंगमधून ते फुलीच्या मध्यावर टेकवायचं कॅलिब्रेशन करून दिलं, नवाकोरा! तेव्हापासून लग्नपत्रिकेचा एक तुकडा खास त्यासाठी ठेवला होता. लिहायच्या चौकोनावर सेलोटेपची पट्टी लावायची आयडिया पण त्याचीच, टेप झिजते, काच नाही. फक्त ती खरखरीत, सहज निघणारी टेप घ्यायची, चकचकीत घेतली तर गोंद बसतो.

भोसरीकर

आमच्याकडे स्टोअर्सला सिंबॉलचा एसपीटी १५०० होता, आतून पामच, वर बारकोड स्कॅनर बसवलेला. स्टॉकटेकिंगला रॅकमध्ये फिरत बीप बीप. ऑइलचे हात, त्यामुळे स्टायलस (लिहायची काडी) दर आठवड्याला कुणीतरी हरवायचं, मग शाई संपलेलं बॉलपेन वापरायचे. संपलेलं म्हणजे खरंच संपलेलं हवं ना राव, एकाचं नव्हतं. स्क्रीनवर निळी रेघ अजून असेल.

सर्किटवेडा

वाटच बघत होतो असल्या धाग्याची. मी हे जुने जमवतो आणि चालू करतो, जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी चक्कर असते, सुटे भाग आणि केमिकल तपकीर गल्लीतून. जे नेहमी दिसतं ते सांगतो.

सगळ्यात जास्त मेलेले असतात ते आत विसरलेल्या सेलमुळे. अल्कलाईन फुटून स्प्रिंगवर पांढरा-हिरवट थर चढतो. व्हिनेगर किंवा लिंबूरस कापसाच्या काडीवर घेऊन फक्त त्या पट्टीवर लावायचा, फेस येऊन थांबला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मग पेन्सिलच्या खोडरबराने घासून चकाकी आणायची. बोर्डावर व्हिनेगर सांडू द्यायचं नाही. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर जुन्या रिमोटची बसते.

दुसरं, काही मॉडेलना बाहेरून रबरी फिनिश असायचं, ते आता चिकट झालंय, हात लावला की बोटं काळी. तेही अल्कोहोलने निघतं पण सगळंच काढावं लागतं, अर्धवट ठेवलं तर महारोग झाल्यागत दिसतं. डिजिटल डायरीच्या स्क्रीनवर उभ्या-आडव्या रेघा गायब असतील तर बहुतेकदा एलसीडी ठीक असते, तिला बोर्डाशी जोडणारी पट्टी सुटत आलेली असते. झेब्रा रबर (नुसती दाबून बसवलेली पट्टेरी रबराची पट्टी) असेल तर काढून अल्कोहोलने पुसून परत घट्ट बसवा. चिकटवलेली रिबन असेल तर गरम करून दाबावी लागते, ते काम धीराचं, पहिलाच प्रयोग स्वतःच्या डायरीवर करू नका.

१९९९ चा पाम व्ही दिसायला सगळ्यात देखणा, अल्युमिनियम, पण आत लिथियम बॅटरी आणि बॉडी गोंदाने चिकटवलेली, स्क्रू नाहीत. हेअर ड्रायरने कड गरम करून सावकाश उघडतो. बॅटरी फुगलेली असेल तर लांब राहा, टोचू नका.

चार्जेबल सेल वापरणाऱ्यांसाठी एक गंमत. ते १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, त्यामुळे पाम थ्रीसारख्यांचा बॅटरीचा काटा भरलेले सेल घातले तरी अर्धाच दाखवतो. त्याला सांगता येतं. शॉर्टकटची खूण काढायची, म्हणजे एका फटक्यातला गाठ मारलेला एल, मग दोन टिचक्यांचं टिंब, मग ७. दरवेळी सेलचा प्रकार पुढचा येतो. ७ च्या जागी १ आणि २ च्या वाटेला जाऊ नका, ते प्रोग्रामर लोकांचं, सिरियल पोर्ट उघडा राहून सेल पितो, सॉफ्ट रिसेट (काही न पुसता नुसतं परत चालू करणं) केल्याशिवाय थांबत नाही. रिसेटची पिन शोधत घर डोक्यावर घेणाऱ्यांना: पाम थ्रीच्या स्टायलसचं वरचं टोक फिरवून काढा, आतच आहे.

लिनक्सवाला_बाणेर

मशीनपेक्षा डेटाबद्दल बोलतो, कारण दर दिवाळीला कुणीतरी "बाबांचा पाम सापडला, त्यात काय आहे बघायचंय" म्हणून मला फोन करतं. ६४ बिट विंडोजवर यूएसबीने हॉटसिंकचा ड्रायव्हर पामने काढलाच नाही, २०१० ला एचपीने कंपनी घेतली आणि तो विषय संपला. लिनक्सवर जे-पायलट हा प्रोग्राम बघा. पण त्याआधी जुना कॉम्प्युटर शोधा, ज्यावर तेव्हा हॉटसिंक होत होतं. पाम स्वतः रिकामा झालेला असला तरी तिथल्या पाम डेस्कटॉप या पामच्याच प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये सगळं असतं, माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेच तसेच सुटले. सगळ्यात वाईट म्हणजे लोक उत्साहात आधी त्या रिकाम्या पामला हॉटसिंक करतात. आधी फोल्डरची कॉपी, मग बाकीचं.

नंतरच्या मॉडेलवाल्यांना थोडी कमी काळजी, २००४ च्या टंगस्टन टी५ पासून मेमरी फ्लॅशमध्ये आली, बॅटरी उतरली तरी मजकूर राहतो. ग्राफिटी मात्र तोवर बदललेली, झेरॉक्सने त्या लिपीच्या पेटंटवरून १९९७ ला केस टाकली होती, मग २००३ पासून ग्राफिटी २ आली आणि टी, आय दोन फटक्यांत लिहायची वेळ आली. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

आणि अजून रोज वापरणाऱ्यांनी नोंद घ्यावी, पामच्या कॅलेंडरमध्ये ३१ डिसेंबर २०३१ च्या पुढे जाता येत नाही. एलआयसीची मॅच्युरिटी वहीत लिहा.

अप्पाबळवंत

वहीत लिहा म्हणजे शेवटी माझ्याकडेच आलात.

ताई_कोथरूड

लिनक्सवाला, माझा झायर माळ्यावर आहे, कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. क्रेडल (पाम ठेवून कॉम्प्युटरला जोडायचा स्टँड) कुठे मिळेल? जुन्या बाजारात बघू का?

सर्किटवेडा

ताई, झायरला क्रेडल लागतच नाही, वरच्या बाजूला मिनी यूएसबीचं भोक आहे. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची केबल घरात असेलच, चार्जर पण त्याच भोकात लागतो. पण इतकी वर्षं चार्ज नाही म्हणजे आतलं गेलं असणार, ते धरून चाला. मशीन मात्र चालू होईल, शनिवारी कर्वे पुतळ्यापाशी येतो, आणून द्या.