मदत हवी आहे: झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या) मंचावर बर्फ कसा टिकवायचा?

दिवाळीनंतरच्या हंगामासाठी १९९९ च्या कारगिलवर नाटक बसतंय. द्रासच्या वर, शत्रूच्या बाजूला एकटा अडकलेला जवान, तीन रात्री. संहिता तपासून झाली. इन्सास रायफलच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या, म्हणून अखंड फायरिंग काढून टाकलं. बर्फ तसाच खाल्ला तर अंग आणखी गार पडतं. म्हणून जवान तो वितळवूनच पितो. बधिर झालेली बोटं चोळत नाही, आतलं मांस दुखावतं. वॉकीटॉकीची बॅटरी थंडीनं बसते, काखेत ऊब दिली की थोडी चालते. पण मध्ये डोंगर आडवा आला तर भरलेली बॅटरीही कामाची नाही. दुसऱ्या अंकाचा सगळा पेच यावरच आहे.

अडलंय ते बर्फापाशी. थर्माकोलचा चुरा उघड्यावर उडतो, हॅलोजनजवळ वितळतो. मीठ दवानं ओलं होऊन पायाला चिकटतं. कापूस तर फटाक्याच्या ठिणगीनं पेटेल. खेळ पहाटेपर्यंत चालतो, आणि मध्ये लावणी होणारच (तिला इलाज नाही!), तेव्हा दोन मिनिटांत उचलता यायला हवं. वडसा, ब्रह्मपुरीकडच्या नेपथ्यवाल्यांनी काय वापरलं, किती किलो लागलं, सांगा जी.