बोअरचं पाणी, कडुनिंबाचं तेल आणि हटत नसलेला पिठ्या ढेकूण

गच्ची_बावधन
बावधनला पाचव्या मजल्यावर गच्चीत पंधरा कुंड्या आहेत. जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आहे, मिरचीच्या पानांखाली बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसतात. एक लिटर बोअरच्या पाण्यात १० मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून पाच दिवसांत तीनदा फवारलं, सकाळी दहाच्या सुमारास. ढेकूण आहे तसाच, उलट जास्वंदीची पानं कडेनं करपली. तेल घाण्याचं, शुद्ध आहे. चुकतंय कुठे? डासांसाठी दारात गवती चहाच्या तीन कुंड्या ठेवल्या आहेत, त्यांचाही उपयोग दिसत नाही. घरात लहान मूल आहे, म्हणून रासायनिक औषध नको.

निंबोळी
ताई, आधी तेल काय करतं ते पाहू, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल. कडुनिंबात अझाडिरेक्टिन असतं. ते किडीला जागच्या जागी मारत नाही. पान खाणाऱ्या किडीची खायची इच्छा जाते, आणि पोटात गेलं तर कात टाकायला लागणारं संप्रेरक वेळेवर सुटत नाही, त्यामुळे अळी किंवा पिल्लू कात टाकताना अडकून मरतं. याला चार-सात दिवस लागतात. १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीनं आजूबाजूचा सगळा पाला फस्त केला तेव्हा कडुनिंबाची झाडं तेवढी हिरवी उरली, हे हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं होतं. पण टोळ पान चावून खातो. पिठ्या ढेकूण सोंड खुपसून आतला रस ओढतो, त्यामुळे पानावरच्या कडवटपणाचा त्याला तेवढा त्रास होत नाही.

दुसरं असं की घाण्यात बी पिळलं की बरंचसं अझाडिरेक्टिन पेंडीत राहतं. शुद्ध तेल म्हणजे जास्त अझाडिरेक्टिन, असं नाही. तुमच्या फवारणीत काम करतंय ते मुख्यतः तेल: किडीच्या अंगावर थर बसतो, श्वासरंध्रं बुजतात. त्यासाठी थेंब किडीवर पडायलाच हवा. शेजारच्या पानावर पडून उपयोग नाही.

करपण्याचं कारण मिश्रणात आहे. १० मिली प्रमाण दुप्पट झालं, चार थेंब लिक्विडनं तेवढं तेल पाण्यात मिसळत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यात साध्या साबणाचा साका होतो. तेल वर तरंगतं. पंपातून आधी पाणी, शेवटी निव्वळ तेल बाहेर येतं आणि त्यावर दहाचं ऊन पडलं की पान भाजतं.

असं करा: पाच-सहा रिठ्यांची सालं पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळून गाळा. ५ मिली तेलात २५ मिली हे रिठ्याचं पाणी घालून बाटलीत जोरात हलवा. दुधासारखं पांढरं झालं की मगच थोडं थोडं करत एक लिटरपर्यंत पाणी घाला. पाच मिनिटं ठेवून बघा, वर तेलाचे डोळे दिसले तर फवारू नका, पुन्हा हलवा. थंडीत तेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. पाणी साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं घ्या. अल्कधर्मी पाण्यात अझाडिरेक्टिन लवकर विघटित होतं. बोअरचंच वापरावं लागलं तर लिंबाचे थेंब टाकून पीएच कागदावर सहाच्या आसपास आणा. मात्र हे रिठ्याबरोबरच जमतं, साबण असेल तर आम्लानं तो फाटतो.

आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.

आठ_पायांची_नोंद
मिरचीवरचं लक्षण लाल कोळ्याचं वाटतंय. हा कीटक नव्हे, कोळ्यांच्या गोतातला आहे, आठ पायांचा. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ आठवडाभरात होते आणि अंड्यांवर तेलाचा परिणाम अर्धवटच. म्हणून एक फवारणी पुरत नाही: पाच-सात दिवसांच्या अंतरानं तीन. त्याआधी दोन दिवस पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. अर्धी जाळी तिथेच जाते. कोरडी, धूळ बसलेली पानं कोळ्याला फार आवडतात.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा कापूस असतो, पाणी त्यावरून घरंगळतं. आधी कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून दिसतील तेवढे पुसा, फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका, मग तेल. आणि मुंग्या बघा. ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांना नव्या फांदीवर नेतात, शत्रूंपासून राखतात. खोडाभोवती कागद गुंडाळून त्यावर व्हॅसलीनचा पट्टा लावला तर चढता येत नाही. ढेकणांमध्ये एखादा जरा मोठा, भराभर चालणारा पांढरा किडा दिसला तर मारू नका. क्रिप्टोलेमस भुंग्याची अळी ढेकणासारखीच दिसते आणि ढेकूणच खाते.

गच्ची_बावधन
धन्यवाद, दोघांचेही. तंबाखूचा काढा चालेल का? आणि गवती चहाचं काय?

निंबोळी
तंबाखू नको, मूल असताना तर मुळीच नको. निकोटीन त्वचेतून शरीरात जातं. शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोवर येऊ शकतो. कडुनिंबाचं तेलसुद्धा मुलाच्या हाती लागू देऊ नका, बाळांच्या पोटात गेलं तर गंभीर विषबाधा होते.

ओला_कोपरा
गवती चहाचं तेल पानाच्या आत असतं. पान चुरडल्याशिवाय डासाला अडवण्याइतका वास हवेत येत नाही. शिवाय सिट्रोनेला ज्यातून काढतात ते गवत याच कुळातलं असलं तरी जात वेगळी आहे. काढलेलं सिट्रोनेला तेल त्वचेवर लावलं तरी ते उडून जातं, एक-दोन तासांपेक्षा जास्त टिकत नाही. डास आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर आणि घामाच्या वासावर येतो. अशी तेलं डासाच्या वास घेण्याच्या आणि त्रास जाणवण्याच्या यंत्रणेवर परिणाम करून त्याला दूर ठेवतात, मारत नाहीत. वनस्पतींपैकी जास्त टिकतं ते लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारं पीएमडी हे डास दूर ठेवणारं द्रव्य. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र तेही लावू नये. औषधांच्या दुकानातलं साधं निलगिरी तेल म्हणजे ते नव्हे.

पंधरा कुंड्या असतील तर आधी कुंड्यांखालच्या ताटल्या बघा. डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवतो, आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून देऊ नका, दर आठवड्याला ताटलीची आतली कड काथ्यानं घासून धुवा.